पिटमधला पंक्तिप्रपंच: टीमने एकाच ड्रायव्हरला सांभाळणं, ह्याला मराठीत नेमका शब्द कुठला?

जरा लांबण लागणार आहे पण शेवटपर्यंत वाचा. फॉर्म्युला वनमध्ये एका टीमचे दोन ड्रायव्हर असतात आणि त्यातल्या एकाला टीम जास्त सांभाळते, पिटला (ट्रॅकशेजारची टायर बदलायची जागा) आधी बोलावते, दुसऱ्याला सांगते तू मागेच रहा. ह्याला सगळे सर्रास ‘पक्षपात’ म्हणतात, मला तो शब्द इथे पटत नाही.

विषय निघाला भाच्यामुळे. १६ मार्च २०२५, रविवार, मेलबर्नची रेस, आपल्याकडे सकाळी साडेनऊला सुरू, मुलुंडला भावाकडे पोह्यांच्या बशा घेऊन सगळे टीव्हीसमोर. नॉरिस पुढे, पियास्ट्री मागे, दोघेही मॅक्लारेनचे, ट्रॅक ओला होता पण वाळत चालला होता, आणि मागचा पुढच्याला गाठत असताना टीमने रेडिओवर सांगितलं की आत्ता जागा बदलू नकोस, पुढे लॅपभर (ट्रॅकची एक अख्खी फेरी) मागे पडलेल्या गाड्या आहेत त्या आधी पार होऊ देत. भाचा ताडकन उठलाच, “आत्या, ही सरळ सरळ पार्शालिटी आहे!” पियास्ट्री मेलबर्नचाच मुलगा, त्यामुळे त्याला अजूनच लागलं. थोड्या वेळाने टीमने ती मनाई उठवली, पण नंतर पाऊस परत आला, ४४ व्या लॅपला दोघेही घसरले, नॉरिस सावरून तसाच पिटमध्ये शिरला, इंटरमीजिएट टायर (ओलसर ट्रॅकसाठीचे नक्षीवाले) घातले आणि जिंकला, पियास्ट्री गवतात अडकला तो शेवटी नववा आला. भाऊ म्हणाला पार्शालिटीला मराठीत काय म्हणतात ते सांग आधी, तर तो म्हणाला पक्षपात, आणि मी तिथेच अडले.

पक्षपात म्हणजे एका पक्षाच्या बाजूला पडणं. त्याला दोन वेगळे पक्ष लागतात आणि मधे न्याय करणारा कोणीतरी लागतो, पंच, न्यायाधीश, मास्तर. स्टुअर्डनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, एका टीमला दंड केला आणि त्याच चुकीला दुसऱ्या टीमला सोडलं तर तो पक्षपात, बरोबर. पण इथे घर एक, चूल एक, आणि घरचेच लोक घरच्याच दोघांत फरक करतायत. त्याला माझी आजी म्हणायची पंक्तिप्रपंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एकाच पंगतीत बसलेल्यांना वाढताना माणूस बघून कमीजास्त वाढणं. गिरगावात आमच्या चाळीत माघी गणपतीला अंगणात पंगत बसायची, मी आठवीत असेन, माझ्याकडे मठ्ठ्याची बादली आणि ओगराळं दिलेलं. माझ्या मैत्रिणी ज्या टोकाला बसल्या होत्या तिथून मी सुरुवात केली आणि त्यांचे द्रोण काठोकाठ भरले, दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत तळाशी नुसतं पाणी आणि कोथिंबीर. आजी गॅलरीतून बघत होती, खाली आली, बादली हातातून काढून घेतली आणि एवढंच म्हणाली, “पानं बघायची, माणसं नाही.” मी त्यानंतर कितीतरी वर्षं वाढायला गेले नाही.

आता पिटमधे बघा. फॉर्म्युला वनला टीमला पिटमधली जागा एकच मिळते, टायर बदलणारी वीसेक माणसं एकच, गाड्या दोन. (अमेरिकेतल्या इंडीकारमध्ये प्रत्येक गाडीला आपली जागा आणि आपली माणसं, तिथे प्रत्येकाचं ताट वेगळं, म्हणून हा शब्द तिथे तितका बसणार नाही.) टायर बदलायला सव्वादोन-अडीच सेकंद लागतात, मॅक्लारेनने २०२३ ला कतारमध्ये तर १.८० सेकंदात केलंय, म्हणजे वाढपी कमालीचे तयार आहेत. कोरड्या रेसमध्ये एकाला आत्ता बोलावलं, दुसऱ्याला दोनचार लॅपनी, चालून जातं. पावसात तसं नसतं, सर आली की दोघांनाही त्याच लॅपला भूक लागते. मग एकतर दोघं एकामागोमाग आत येतात आणि मागचा पुढच्याचं होईस्तोवर ताटकळतो, नाहीतर एक जण अजून एक अख्खा लॅप चुकीच्या टायरवर घसरत फिरतो, त्यात कित्येक सेकंद जातात. पहिलं वाढप कोणाला ह्याच्यावर अख्खी रेस ठरते, म्हणून मला वाटतं हा शब्द पावसाळी रेसला जितका चपखल बसतो तितका कोरड्याला नाही. तुमचं काय मत?

* * *

ताई शब्द आवडला, पण रोजच्या बोलण्यात ‘झुकतं माप’ पुरेसं नाही का? शूमाखरला फेरारीत झुकतं माप होतं हे आपण इतकी वर्षं म्हणतोय. २००२ ला ऑस्ट्रियामध्ये त्याच्याच टीमच्या बॅरिकेलोला शेवटच्या सरळ पट्टीवर वेग कमी करून शूमाखरला जिंकू द्यायला लावलं, लोकांनी शिट्ट्या मारून मारून पोडियम गाजवला, आणि २००३ पासून टीम ऑर्डरवर (टीमने ड्रायव्हरला असं मागे राहायला सांगण्यावर) बंदीच आली, ती २०१० च्या मोसमापर्यंत टिकली. त्याच वर्षी जर्मनीत फेरारीच्या मासाला रेडिओवर “फर्नांडो (टीममधला दुसरा, अलोन्सो) तुझ्यापेक्षा फास्ट आहे” एवढंच सांगितलं, त्याने ओळखलं काय ते, टीमला १ लाख डॉलर दंड झाला आणि २०११ पासून बंदी गेली.

* * *

सापत्नभाव!! सपत्नी म्हणजे सवत, त्यापासून सापत्न. एका टीमचे दोन ड्रायव्हर म्हणजे अगदी सवतीच, घर एक आणि पहिली स्पर्धा एकमेकांशीच. आवडती-नावडती, नावडतीचं मीठ अळणी, सगळं लागू पडतं.

* * *

झुकतं मापवाल्या दादांना: शब्द चांगलाच आहे पण त्याची चव वेगळी आहे. झुकतं माप हे मुळात दुकानदाराचं औदार्य, तराजूचं पारडं गिऱ्हाइकाच्या बाजूला जरा खाली गेलं तरी चालेल म्हणून घातलेलं मूठभर जास्त. त्यात एकाला जास्त मिळतं, पण दुसऱ्याच्या पानातलं काढून दिलंय असं त्यात येत नाही. फेरारीत शूमाखर नंबर एक आहे हे जगाला माहीत होतं, सगळं उघड्यावर होतं, म्हणून तिथे झुकतं माप शोभतं. पंक्तिप्रपंचात चोरटेपणा आहे, वाढपी वर म्हणणार मी सगळ्यांना सारखंच वाढलं.

आणि तुम्ही बंदीचा विषय काढलात तर त्यातच माझा मुद्दा आहे. रेडिओवर काय बोललं ते पकडता येतं, पण एका गाडीला एक लॅप उशिरा पिटला बोलावलं तर ते कसं पकडणार? पावसाचा अंदाज चुकला म्हणायचं, झालं. ओगराळं कुठून फिरलं ते फक्त वाढणाऱ्याला माहीत.

सापत्नभाव मात्र मला ह्यासाठी नको, पेपरांनी तो केंद्राने राज्याला निधी दिला नाही ह्या बातमीत इतका वापरलाय की आता घराबाहेरचाच वाटतो. सवतींचं म्हणताय तर मला २००७ चं शांघाय आठवतं. हॅमिल्टन आणि अलोन्सो एकाच मॅक्लारेनमध्ये, हॅमिल्टन पहिल्याच वर्षात, चीनमध्येच चँपियन होऊ शकत होता. ट्रॅक वाळत चाललेला, त्याचे इंटरमीजिएट झिजून आतले धागे दिसायला लागले तरी त्याला बाहेर ठेवलं, शेवटी पिटकडे वळताना त्या टायरना पकडच राहिली नाही आणि गाडी वळणावरच्या खडीत रुतली. नंतर टीमचे प्रमुख रॉन डेनिस म्हणाले की आमची रेस (फेरारीच्या) रायकोननशी नव्हतीच, फर्नांडोशी होती. म्हणजे स्वतःच्याच टीममधल्या दुसऱ्याशी! शेजारच्या पानात काय पडतंय ते बघता बघता स्वतःचं ताट उपडं झालं. मोसम संपला तेव्हा रायकोनन ११० गुण, हे दोघे १०९ आणि १०९.

* * *

मी वयाने तुमच्यापेक्षा मोठा असेन, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. प्रत्येक चुकीच्या वाढपाला पंक्तिप्रपंच म्हणू नका. २०२२ चं मोनॅको घ्या. फेरारीचा लक्लेर तिथलाच, पहिल्या नंबरावरून सुटला, ओल्या ट्रॅकवर आघाडीवर. रेडबुलने पेरेझला १६ व्या लॅपला इंटरमीजिएट दिले, फेरारीने लक्लेरला १८ व्याला, तेवढ्यात पेरेझ त्याच्या पुढे गेला. मग २१ व्या लॅपला फेरारीचाच दुसरा साइन्झ आणि लक्लेर दोघांनाही कोरड्या टायरसाठी बोलावलं, लक्लेरला आधी “ये” आणि लगेच “राहा, राहा”, तोपर्यंत तो पिटमध्ये शिरलेला, साइन्झच्या मागे थांबून राहिला. पेरेझ जिंकला, लक्लेर चौथा. ह्यात कोणी माणूस बघून वाढलं का? उलट साइन्झने इंटर नकोतच, थेट कोरडे द्या असं स्वतः मागून घेतलं. हा निव्वळ गोंधळ, ताळमेळ चुकला. आणि ‘मानाचं पान’ हाही शब्द विसरू नका, जो ड्रायव्हर पुढे आहे त्याला पिटचा पहिला हक्क हा बऱ्याच टीमांचा ठरलेला रिवाज आहे, त्याला प्रपंच म्हणणं अन्याय होईल.

* * *

काका, मानाचं पान एक नंबर! २०२५ ला बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर तेच झालं की, ओल्यात सुरू झालेली रेस, पियास्ट्री पुढे म्हणून कोरड्या टायरला आधी तो आला, नॉरिस एक लॅप नंतर, आणि कोणी तक्रार केली नाही.

* * *

काका, तुमचं म्हणणं मान्य, मोनॅको माझ्या यादीतून काढते. हेतू असल्याशिवाय प्रपंच नाही. संस्कृतात प्रपंच म्हणजे मुळात विस्तार, एकाचे अनेक होणं, आणि कपट हाही अर्थ आहे. आपल्या मराठीत तो संसार झाला (“प्रपंच करावा नेटका”), पण ह्या समासात जुना भेदाचा नि कपटाचा वास शिल्लक राहिलाय.

पण मग हेतू कळणार कसा ह्याच्यावर मी कालपासून विचार करतेय. १९९८ च्या स्पाचं काय करायचं? धो धो पाऊस, पहिल्याच लॅपला गाड्यांचा खच पडलेला, मायकेल शूमाखर कुल्थार्डच्या मागे जाऊन आदळून बाहेर, आणि जॉर्डन टीमचे दोघे एक-दोनवर. पुढे डेमन हिल, मागे राल्फ शूमाखर, आणि राल्फला सांगितलं पुढे जायचा प्रयत्न करू नको. हिलने टीमला बजावलं होतं की आम्ही भांडत बसलो तर हाताला काहीच लागणार नाही. जॉर्डनचा तो पहिलावहिला विजय. राल्फच्या पानातलं काढून हिलला वाढलं हे खरं, पण ताटं पंगतीसकट उधळली जाऊ नयेत म्हणून. मला तिथे पंक्तिप्रपंच म्हणवत नाही, आणि मेलबर्नला भाचा रागावला तेही ह्याच प्रकारात मोडतं असं आता वाटायला लागलंय, ओल्या ट्रॅकवर वाळलेली पट्टी एकच होती, पुढे हळू गाड्या होत्या, आणि नंतर मनाई उठवलीसुद्धा. त्याला ‘आवरून धरणं’ म्हणू का? साधा शब्द आहे, चालेल.

* * *

शब्दांचाच धागा आहे तर माझेही दोन आणे. माझं कुर्ल्याला गॅरेज आहे, आम्ही नक्षी गेलेल्या टायरला ‘गोटा’ म्हणतो. पावसाळ्यात रिक्षावाले गोटा टायर घेऊन येतात आणि म्हणतात अजून महिनाभर चालवू. स्लिकला (कोरड्या ट्रॅकचा बिननक्षीचा टायर) गोटा म्हणायचा मोह होतो पण स्लिक जन्मतःच गुळगुळीत, गोटा झिजून होतो. खरा गोटा बघायचा तर २०२० ची तुर्कस्तानची रेस, हॅमिल्टनने इंटरमीजिएटचा एकच सेट पन्नास लॅप ओढला, शेवटी नक्षी औषधालाही नव्हती, आणि जिंकून सातव्यांदा चँपियन झाला. शांघायला गोट्याने बुडवलं त्याच माणसाला तुर्कस्तानात गोट्याने तारलं.

दुसरा, पिट. पिट म्हणजे खड्डाच. १९०८ ला फ्रान्समध्ये दिएपच्या रेसला ट्रॅकशेजारी खंदक खणून त्यात टीमची माणसं आणि टायर ठेवले होते, त्यावरून नाव पडलं. आमच्या गॅरेजात गाडीखाली उतरायला असतो तोही खड्डाच आणि रेल्वेच्या यार्डात पिट लाइन असते. तेव्हा पिट राहू द्या, ‘थांबा’ वगैरे भाषांतर करू नका, थांबा म्हटलं की बेस्टची बस डोळ्यांसमोर येते.

* * *

दादा गोटा उचलला, कायमचा. आणि बदल्यात एक देते: रेडिओवर सारखं विचारतात पुढची सर यायला किती वेळ, मधल्या मोकळ्या वेळेला आपल्याकडे सुरेख शब्द आहे, उघडीप. सकाळच्या लोकलला जाणाऱ्याला विचारा, सायनला पाणी भरलंय कळल्यावर दादरला उतरायचं की गाडीतच बसून राहायचं हा निर्णय उघडीप किती टिकेल ह्याच्यावरच घेतो आपण. पिट की बाहेर, तोच प्रश्न.

कोणीतरी शुद्धलेखन विचारलंय: एकटा असेल तर पंक्ती, समासात पहिलं पद म्हणून पंक्तिप्रपंच, ‘क्ति’ ऱ्हस्व. पंगत हा त्याच पंक्तीचा बोलीतला अवतार.

आणि भाच्याचं सांगायचं राहिलं. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला परत पाऊस, पियास्ट्री आघाडीवर असताना सेफ्टी कारच्या (धोका असताना सगळ्यांना हळू चालायला लावणारी गाडी) मागे एकदम ब्रेक दाबला म्हणून त्याला दहा सेकंदांचा दंड झाला, तो पिटमध्ये भरताना नॉरिस पुढे गेला. पियास्ट्रीने टीमला विचारलं, दंड तुम्हालाही अन्यायाचा वाटत असेल तर जागा परत बदलाल का, टीम म्हणाली नाही. मी भाच्याकडे बघितलं, म्हटलं आता ओरडणार. तर म्हणाला, “आत्या, हा पंक्तिप्रपंच नाही ना? दंड बाहेरच्यांनी केलाय.” मी म्हटलं नाही, बरोबर. मग जरा वेळ गप्प बसून म्हणाला, “पण दुसऱ्याच्या पानातलं परत मागायचं, त्याला काय म्हणतात?” त्याला अजून मला काही सुचलेलं नाही, कोणाला माहीत असेल तर सांगा.