होमस्टेडवाल्यांनी सरकारपुढे खरोखरच हात पसरला नव्हता?

रानवाट
अमेरिकेत पश्चिमेकडे गेलेल्या वसाहतकऱ्यांनी सरकारपुढे कधी हात पसरला नाही आणि आपला शेतकरी मात्र कर्जमाफीची वाट पाहत बसतो, असा एक लेख सध्या फिरतो आहे. तो वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन सगळे शुल्क मिळून १८ डॉलरांत मिळत असे. पाच वर्षे तेथे राहायचे, घर बांधायचे आणि जमीन कसायची, एवढीच अट होती. शिवाय १८५० ते १८७१ या काळात रेल्वे कंपन्यांना संघराज्य सरकारने सुमारे १३ कोटी एकर जमीन बहाल केली, आणि त्याच रेल्वेने या मंडळींचा गहू बाजारात नेला. याला हात न पसरणे म्हणायचे असेल, तर आमच्या गावच्या सोसायटीचे पीककर्जही स्वावलंबनातच मोजावे लागेल.

ओमाहाकर
मी त्याच पश्चिमेकडच्या नेब्रास्का राज्यात राहतो, त्यामुळे हे ‘फुकट’ प्रकरण जरा जवळून पाहिले आहे. झाडच नसलेल्या प्रदेशात गवताच्या मुळांनी विणलेली जमीन विटांसारखी कापून भिंती रचत, आणि छतातून माती व क्वचित सापही ताटात पडू नये म्हणून आतून कापड ताणत. पाऊस थांबला तरी ते छत पुढे दोन-तीन दिवस गळत राही. सरपण नाही, म्हणून गव्यांचे वाळके शेण जाळत. १८७४ साली टोळधाडीने उभे पीक नेले. एकट्या स्त्रीला आणि गुलामीतून सुटलेल्या माणसालाही या कायद्याखाली अर्ज करता येत असे, हे आपण सोयीस्करपणे गाळलेले दिसते. अठरा डॉलर भरून घरी बसलेल्या कोणालाही जमीन मिळाली नाही.

लोहाराचा नातू
दोघेही जमिनीवरच अडून बसला आहात. ती फोडली कोणाच्या अवजाराने? जॉन डिअर हा व्हरमाँटचा कर्जबाजारी लोहार १८३६ मध्ये बायकामुले मागे ठेवून इलिनॉयला गेला. तेथील चिकट काळी माती ओतीव लोखंडाच्या नांगराला अशी धरून बसे की, शेतकऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर थांबून फाळ खरवडावा लागे. डिअरने १८३७ साली करवतीच्या मोडक्या पात्याचे पोलाद घासूनपुसून नांगर केला आणि माती आपोआप सुटू लागली. माझे आजोबा सातारा जिल्ह्यात बलुत्यावर फाळ शेवटत, म्हणजे तापवून त्याला धार लावत असत; सुगीला पायलीभर जोंधळा देताना पाटलाचा हात आखडे आणि नांगरटीच्या दिवसांत मात्र तोच पाटील पहाटे भात्यापाशी येऊन बसे. कारागिराच्या वाट्याला इतिहासात एक ओळसुद्धा येत नाही, याचे कोणालाच काही वाटत नाही.

कोरडवाहू
आपल्या आजोबांविषयी आदर आहे, परंतु उदाहरण साफ चुकले. डिअर पुढे इलिनॉयमधल्याच मोलीनला जाऊन कारखानदार झाला. त्याच्या नावाला एक ओळ नव्हे, जगभरचे हिरवे ट्रॅक्टर आले आहेत. आपल्याकडेही लक्ष्मणराव किर्लोस्करांचा नांगर सुरुवातीला कोणी घेईना, कारण लोखंडाने जमीन नासते असा समज होता. आज ते नाव कोणाला ठाऊक नाही? उपेक्षा झाली ती कारखान्यातून तयार अवजारे येऊ लागल्यावर ज्या गावोगावच्या लोहारांचे काम गेले त्यांची, आणि ते काम आपल्या या नायकानेच घालवले.

लोहाराचा नातू
वाफसा नसलेल्या काळ्या रानात आपण कधी नांगर धरला आहे काय? नसेल, तर ही कारखानदारीची व्याख्याने आपल्यापाशीच ठेवावीत. तो कारखानदार झाला म्हणून त्याच्या हातचे घट्टे पुसले जात नाहीत.

कोरडवाहू
धरला आहे, आणि बैल विकेपर्यंत धरला. घट्टे आमच्याही हाताला आहेत, पण ते आम्ही वादात पुरावा म्हणून पुढे करत नाही.

रानवाट
नांगराचे भांडण आवरते घेतल्यास उपकार होतील. ज्या वर्षी हा कायदा झाला, त्याच १८६२ च्या २६ डिसेंबरला मिनेसोटातील मॅनकॅटो येथे डकोटा या मूलनिवासी जमातीच्या ३८ पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली आणि पुढच्या वर्षी त्या जमातीला राज्याबाहेर घालवण्यात आले. पुढे १८८७ च्या डॉस कायद्याने मूलनिवासींची सामाईक जमीन वाटून टाकली. त्यांच्याकडची सुमारे १३.८ कोटी एकर जमीन १९३४ पर्यंत ४.८ कोटींवर आली. ओमाहाकरांच्या घराच्या भिंतींइतकीच त्या भिंतींखालची जमीनही चर्चेत यायला हवी.

ओमाहाकर
यावी, नाही कोण म्हणते? ज्या ओमाहा जमातीचे नाव मी येथे मिरवतो, तिने १८५४ च्या तहाने आपली बहुतेक भूमी सोडली, हे मला शिकवण्याची गरज नाही. सरकारची मदत होती, हेही मान्य करतो. आता आपला विजय साजरा करावा. मात्र ती मदत देणाऱ्यांना पश्चिमेचा पाऊस ठाऊक नव्हता. कोरड्या भागात चराऊ शेतासाठी २,५६० एकर लागतील, असे सरकारी भूसर्वेक्षक जॉन वेस्ली पॉवेलने १८७८ च्या अहवालात लिहिले होते, तरी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, १६० एकरांचाच हट्ट धरला. त्या तुकड्यावर कर्ज काढून बुडालेल्यांना सरकारचे लाडके म्हणायचे असेल, तर खुशाल म्हणा.

कोरडवाहू
म्हणजे तेथेही कर्जच निघाले. तो लेख लिहिणाऱ्याला एवढे तरी कळवा.