जेलकोटच्या तड्यांवर पुट्टी लावायची घाई कशाला?

भरतीओहोटी
पावसाळ्यासाठी आमची जे/२४ (चोवीस फुटी शिडाची बोट) परवा पाण्याबाहेर काढली. सेकंडहँड, तिघांत मिळून घेतलेली. धुतल्यावर डेकवरचे तडे उठून दिसायला लागले. कॉकपिटच्या (सुकाणूपाशी बसायच्या खोलगट जागेच्या) कोपऱ्यांत केसासारखे बारीक, कठड्याच्या दांड्यांच्या बुडाशी चहूबाजूंना फाकलेले आणि नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, जिथे गेल्या वर्षी नांगर आपटला होता, तिथे कोळ्याचं जाळं. यार्डातला माणूस म्हणतो, सगळे खणून भरून टाकू.

माझं मत, मुळीच नको. जेलकोट म्हणजे साच्यात सगळ्यात आधी फवारलेला रंगीत रेझिनचा थर, जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. त्यात काचेचा धागाच नाही, मग ताकद कुठून येणार? खालचं फायबर लवतं, हा लवत नाही, तडकतो. जुन्या कपबशीवरच्या रेषा आपण भरत बसतो का?

वॉटरपेपर४००
कपबशीत बाल्सा नसतो हो! जे/२४ च्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्साचं लाकूड आहे. तडा खालपर्यंत गेला असेल तर मुंबईचे चार महिने त्या लाकडाला पुरेसे आहेत. मच्छीमार बोटींच्या फायबरकामात माझी वीस वर्षं गेली. आज पाचशेत निघणारं काम लोक पन्नास हजारांवर नेतात.

त्रिकोणी खाच पाडा, अ‍ॅसिटोनने पुसा, जेलकोट जरा उंचच भरा. वर प्लॅस्टिकचा कागद चिकटवा, नाहीतर हवेमुळे वरचा थर चिकटच राहतो. मग ४००, ६००, १००० चा वॉटर पेपर आणि शेवटी चकाकीसाठी घासायचं कंपाउंड. एका रविवारचं काम आहे.

भरतीओहोटी
मागच्या मालकाने असाच एक रविवार घालवला होता. त्याच्या पुट्टीला खेटूनच नवा तडा गेलाय, आणि पुट्टीचा पांढरा वेगळा, बोटीचा वेगळा. कोड फुटल्यासारखं दिसतं.

हवेचारुख
विकायची असेल तर भरा, चालवायची असेल तर सोडा.

वॉटरपेपर४००
घेणारा मी असेन तर ताजी पुट्टी बघूनच पळून जाईन.

सॅनहोजेचा_सदू
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी चाललंय. तुम्ही दोघं वरून भांडताय, दुखणं खाली आहे. आणि ही तीन वेगळी दुखणी आहेत. साच्याच्या कोपऱ्यात जेलकोट साचून जाड होतो, आणि जाड जेलकोट लवकर तडकतो. तिथे भरतीओहोटींचं बरोबर, सोडून द्या. नांगराचा तडा म्हणजे मार लागलेली जागा. आजूबाजूला ठोकून बघा, आवाज खणखणीत असेल तर खुशाल भरा.

दांड्यांचं मात्र वेगळं. डिंगीतून (छोट्या होडीतून) बोटीवर चढताना प्रत्येकजण काय धरतो? तोच दांडा! तो तरफेसारखा बूड उचकटतो, डेक लवतो. खाली नटाला रुपयाएवढे वॉशर असतील तर वर सोन्याचा जेलकोट भरलात तरी पुढच्या मोसमात तडा हजर. आधी आतून तळहाताएवढी जाड पट्टी द्या. माझ्या इथल्या बोटीवर मी हे उलट्या क्रमाने केलं, म्हणजे दोनदा केलं. खाच मात्र जेलकोटऐवजी इपॉक्सीने (दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने) भरा, पाणी जास्त अडवतं.

वॉटरपेपर४००
पट्टीचं मान्य. इपॉक्सीचं नाही. उन्हात ते पिवळं पडतं, म्हणजे वर रंग आलाच. शिवाय जूनच्या दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुतला नाही तर वरचा जेलकोट पापुद्र्यासारखा सुटतो. कॅलिफोर्नियात बसून कुलाब्याची हवा कळत नाही.

सॅनहोजेचा_सदू
धुवायला नळ कुलाब्यातही असेल की.

भरतीओहोटी
आज स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा डेक ठोकत फिरलो. कोपरे टणटण, नाळही टणटण. उजवीकडच्या तिसऱ्या दांड्याजवळ मात्र ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा भद्द आवाज. केबिनमध्ये उताणा पडून खालून ५ मिमीचं भोक पाडलं, फक्त आतल्या थरापुरतं. दुसऱ्या दांड्याखाली भुसा कोरडा, फिकट पिवळा निघाला होता. इथे चॉकलेटी लगदा. चिमटीत दाबला तर पाणी आलं, थेट कोपरापर्यंत ओघळलं. वॉशर सदूंनी म्हटल्याप्रमाणेच, त्यातला एक गंजून अर्धा उरलेला.

तरी कोपऱ्यांना हात लावणार नाही, ते कायम! आणि हे पाणी तड्यातून गेलं की बोल्टच्या भोकातून, हा वाद अजून शिल्लक आहे. मला बोल्टवर संशय आहे, तिथलं सीलंट बोटाने सुटून आलं. पावसाआधी एवढा भाग सुकेल का?

वॉटरपेपर४००
भोकातून सुकत नाही. आतला थर कापा, लगदा खरवडून काढा, कोरडं लाकूड लागेपर्यंत मागे जा. मग नवा बाल्सा. बोल्टच्या जागी बाल्सा नको, भरीव इपॉक्सी ओता. हो, इपॉक्सीच, सदू, हसू नका. बोटीवर शेड आहे का? नुसत्या ताडपत्रीखाली हे काम मी जूनमध्ये करणार नाही.