जनगणनेत मातृभाषा अहिराणी सांगावी की मराठी?

खानदेशी_कोथरूडकर
आमचे गाव धुळे जिल्ह्यातले. पुण्यात येऊन मला अठरा वर्षे झाली. आईशी मी अहिराणीतच बोलतो, पत्नी साताऱ्याची असल्यामुळे तिच्याशी मराठी बोलतो, आणि आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडी आजीचे शब्द आपोआप बसले आहेत. गेल्या महिन्यात वर्गात ती 'मला'ऐवजी 'माले' म्हणाली, मुले हसली, आणि तेव्हापासून आजीने 'आंडेर' (म्हणजे मुलगी) म्हणून हाक मारली की ती ओ देत नाही. आता २०२७च्या जनगणनेत आम्ही अहिराणी सांगितली, तर मराठीची संख्या घटेल, असे सोसायटीतील एक ज्येष्ठ सांगतात. त्यात तथ्य आहे का?

पेठेतला_वाचक
आहे, पण थोडेच. २०११मध्ये अहिराणीची नोंद 'खानदेशी' या मराठीहून वेगळ्या भाषेखाली झाली होती. मालवणीसुद्धा मराठीत नव्हे, कोकणीत धरली गेली. तेव्हा वजाबाकी होते हे खरे. मात्र मराठी सांगणारे सुमारे ८ कोटी ३० लाख होते आणि खानदेशी सांगणारे १८ लाख ६० हजारांच्या आसपास. एवढ्याने मराठी खचणार असेल, तर दुखणे निराळेच म्हणायचे. माझे मत विचाराल तर प्रमाण मराठीचा टेंभा मिरवणाऱ्या आम्हा पेठकरांनी ही वजाबाकी निमूटपणे सोसावी.

निवृत्त_प्रगणक
२०११मध्ये मी शिक्षक म्हणून गणनेचे काम केले आहे. सूचनांनुसार मातृभाषा म्हणजे लहानपणी आई त्या व्यक्तीशी जी भाषा बोलत असे ती. आई लहानपणीच वारली असल्यास, त्या काळात घरात मुख्यत्वे बोलली जाणारी भाषा. सर्व कुटुंबाची एकच भाषा गृहीत न धरता प्रत्येकाची स्वतंत्रपणे नोंदवायची असते, आणि त्याखेरीज येणाऱ्या दोन भाषाही विचारल्या जातात. प्रत्यक्षात मात्र दारात उभे राहून घाईघाईत एकदा 'मराठी' लिहायचे आणि खाली सगळ्यांना तेच ओढायचे, असे मीही केले आहे, हे कबूल करतो. देशभरातून आलेली १९,५६९ नावे पुढे छाननी व वर्गीकरण होऊन १२१ भाषांत बसवली गेली. पण वर्गीकरण कार्यालयाचे काम आहे, तुमचे नव्हे. तुम्ही अहिराणी सांगा आणि ती लिहिली गेली का, ते तिथेच पाहून घ्या.

खानदेशी_कोथरूडकर
आभारी आहे. म्हणजे आईची व माझी अहिराणी, पत्नीची मराठी, आणि आईची भाषा हाच निकष असल्यामुळे मुलीचीही मराठीच. हे मनात आले नव्हते, आणि खरे सांगायचे तर थोडे लागले. अहिराणी तिच्या 'येणाऱ्या भाषां'त सांगता येईल. काल रात्री तिला तसे विचारले, तेव्हा आजीकडे चोरून पाहत ती म्हणाली, "समजते, पण शाळेत नका सांगू."