मदत हवी आहे: हरणांच्या फूड प्लॉटमध्ये काय पेरावं? (मिशिगन, अर्धा एकर, रेताड जमीन)

नमस्कार मंडळी,

उत्तर मिशिगनमध्ये कॅडिलॅकच्या बाजूला आमची थोडी जंगलाची जागा आहे. तिच्या मधोमध अर्धा एकर, म्हणजे आपल्या हिशेबाने वीस गुंठे, मोकळं रान आहे. तिथे व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांसाठी फूड प्लॉट करायचा आहे, म्हणजे ती चरायला यावीत म्हणून पीक पेरायचं आहे. शिकारीचा परवाना आहे, मचाण बांधून झालं आहे. बंदुकीचा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू होतो, माझी सुट्टी तेव्हाचीच आहे. धनुष्यबाण जमत नाही, त्यामुळे ऑक्टोबर माझ्या कामाचा नाही.

गेल्या वर्षी दुकानातून सलगम, मुळा आणि रेप (मोहरीच्या जातीचं चाऱ्याचं पीक) यांचं मिश्रण आणलं. पिशवीवर बारा शिंगांचा नर छापलेला. ऑगस्टच्या सुरुवातीला फोकून दिलं. उगवण झाली, पण सप्टेंबरात पानं पिवळी-जांभळी पडली आणि मुळा करंगळीएवढा होऊन थांबला. मग शहाणपण सुचलं आणि मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या एक्सटेन्शनकडून माती तपासून घेतली. सामू (pH) 5.4, म्हणजे जमीन आंबट.

ट्रॅक्टर नाही. पाठीवरचा फवारणी पंप, दाताळं आणि मित्राची चारचाकी एटीव्ही एवढंच भांडवल. आता जुलैचा पहिला आठवडा आहे. क्लोव्हर (तीन पानांचं चाऱ्याचं द्विदल पीक), पुन्हा सलगम, ओट, सोयाबीन, राय असे सगळे पर्याय लोक सुचवतात. नक्की काय पेरू?

(बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "पागल झाला का रे? रोह्यांपायी आम्ही रात्र रात्र जागली केली, अन् तू हरणांसाठी पेरून रायला?")

बांधावरचा:
बाबांना साष्टांग नमस्कार सांगा.

गेल्या वर्षीचं बियाणं वाईट नव्हतं, जमीन तयार नव्हती. सामू 5.4 असताना सलगम-मुळ्याला खत दिलं तरी ते पुरतं लागत नाही. क्लोव्हरला तर सहाच्या वर सामू हवा, साडेसहा असेल तर उत्तम. म्हणून या वर्षी पहिली खरेदी चुनखडीची, तिने जमिनीचा आंबटपणा उतरतो. तुमच्या अहवालात एकरी दोन टनांच्या आसपास लिहिलं असेल, तर अर्ध्या एकराला एक टन, म्हणजे 40 पौंडांची 50 पोती. पाठ आधीच शेकून घ्या. आणि आज टाकलेली चुनखडी या नोव्हेंबरात पूर्ण काम करेल ही आशा सोडा, तिला सहा महिने ते वर्षभर लागतं.

या वर्षासाठी राय पेरा. गव्हासारखं दिसणारं धान्य. रेताड, आंबट जमिनीत त्याच्याइतकं बिनतक्रार काही उगवत नाही.

ओहायोवाली:
रायला +1. फक्त दुकानात बियाणं मागताना जपून. राय वेगळं आणि रायग्रास वेगळं. माझ्या नवऱ्याने घाईत रायग्रासचं पोतं आणलं होतं. ते गवत आहे, हरणांना त्याची फारशी गोडी नाही, आणि एकदा शिरलं की निघता निघत नाही.

सोयाबीनचा विचार सोडून द्या. हरणांना भयंकर आवडतं, तीच अडचण आहे. वीस गुंठ्यांतले कोवळे शेंडे जूनमध्येच फस्त होतात, विजेचं कुंपण नसेल तर शेंग दिसणारच नाही. सोयाबीन पाच-सात एकरवाल्यांनी करावं.

शंकासुर:
मुळात हरणांना खायला घालून मारायचं, हे पटत नाही बुवा. शिवाय तिकडे चारा टाकायला बंदी आहे ना?

बांधावरचा:
पटणं न पटणं ज्याचं त्याचं. बंदीचं सांगतो. मिशिगनच्या जंगली हरणांत सीडब्ल्यूडी हा मेंदूचा रोग 2015 मध्ये सापडला. एका ढिगावर दहा तोंडं लागली की रोग पसरायची भीती, म्हणून 2019 मध्ये लोअर पेनिन्सुलात (मिशिगनचा दक्षिणेकडचा भाग, तुमचं कॅडिलॅक त्यातच) मक्याचे, बिटाचे ढीग घालायला बंदी आली. उभं पीक त्यात मोडत नाही. पण पेरलेल्या रानात वरून मका ओतला तर तो चाराच.

धागाकर्ता:
रायचं पटलं. तारीख आणि बियाण्याचं प्रमाण सांगाल का? आणि ओट मिसळू का?

बांधावरचा:
ऑगस्टच्या सुरुवातीला उगवलेलं तण फवारून मारा. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस तोंडावर असताना, राय फोका. अर्ध्या एकराला 50-60 पौंड. दाताळ्याने हलकं झाकलं की झालं. ओट 15-20 पौंड मिसळा, हरणं आधी त्यावर तुटून पडतात. पण कडाक्याच्या थंडीत ओट मरतं आणि राय बर्फाखालीही हिरवं राहतं. तुमची सुट्टी 15 नोव्हेंबरनंतरची, म्हणून भार रायवर ठेवा.

मार्चमध्ये रात्री जमीन गोठते, दिवसा सुटते, तिला बारीक भेगा पडतात. तेव्हा त्याच रायमध्ये पांढरा क्लोव्हर तीन-चार पौंड नुसता वरून भुरभुरा. गाडायचा नाही, बी खसखशीएवढं असतं. रायझोबियम लावलेलं बी घ्या, आपल्याकडे हरभऱ्याला लावतात तसंच. तोवर चुनखडीही मुरलेली असेल.

ओहायोवाली:
आणि वाऱ्याचं काय? पेरणीपेक्षा त्यात लोक जास्त फसतात. तुमचा वास हरणांकडे जायला नको, म्हणून पश्चिमेचा वारा असेल तर मचाण पूर्वेला हवं आणि तुमची जायची वाटही पूर्वेकडूनच. भर रानातून चालत गेलात तर हरणं रात्रीच येऊन चरतील आणि तुम्ही दिवसभर खारी मोजाल.

धागाकर्ता:
मचाण नेमकं पश्चिमेला बांधलंय. 😐 हलवतो.

चुनखडीची 12 पोती काल आणली, मित्राच्या एटीव्हीचं एक चाक तिथेच बसलं. उरलेली पुढच्या शनिवारी. राय नीट उगवलं की नाही ते कसं ओळखायचं? गेल्या वर्षी पीक वाढलं नाही की हरणांनी खाल्लं, तेच आधी कळत नव्हतं.

बांधावरचा:
जाळीचा तुकडा गोल वळवून कमरेएवढा पिंजरा करा आणि रानात एका जागी खुंट्यांनी ठोका. आतलं गुडघ्याला आणि बाहेरचं घोट्याला असेल तर हरणं येतायत. दोन्हीकडे घोट्यालाच असेल तर फोटो टाका, बघू.