पोरगी रात्री जेवत नाही, दिवसभर आरशासमोर... मोबाईलमुळंच होते का हे?

दारव्हेकरीण
नमस्कार ताई-दादा. आम्ही दारव्ह्याकडचे, कापूस-तुरीची शेती. लेक नववीत आहे. दिवाळीपासून तिचं काय बिनसलं काही समजूनच नाही राह्यलं. सकाळी चहा पिऊन मानव विकासच्या बसनं शाळेत जाते, डबा अर्धा वापस आणते, रात्री म्हणते मले भूक नाही. जिऱ्याचं पाणी काय, लिंबाचं पाणी काय, तेच पित राह्यते. अन् रात्री बारा-एकपर्यंत मोबाईल, अभ्यासाचा ग्रुप आहे म्हणते पण डोकावून पाह्यलं की रीलच चालू असते. आरशासमोर पोट आत ओढून उभी राह्यते अन् म्हणते मी काळी आहे, जाडी आहे. जाडी बिलकुल नाही हो, उलट गाल बसले तिचे! फोटो काढायचा म्हटला की सगळ्यायच्या मागं, अन् एवढ्या उन्हात जॅकेट घालून फिरते. तिचे बाबा म्हणते मोबाईल काढून घे, सगळं ठीक होते. मलेही तसंच वाटते, पण शाळेचं सगळं त्याच्यावरच येते. कोणाच्या पोरीचं असं झालं का, काय केलं मग?

उपकेंद्रवाली सिस्टर
ताई, मोबाईलचं नंतर पाहू, पह्यले हिमोग्लोबिन तपासून घ्या. भूक नसणं, चिडचिड, थकवा, हे रक्त कमी असलं तरी होते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ५९ पोरींमध्ये रक्त कमी निघालं, म्हणजे वर्गातल्या अर्ध्याच्या वर. शाळेत हप्त्याले निळी गोळी देतात न, ६० मिलिग्रॅम लोह अन् फॉलिक अॅसिडची, ती तुमची लेक खाते का विचारा. आमच्याकडे बऱ्याच पोरी गोळी दप्तरात ठेवतात नाही तर खिडकीबाहेर फेकतात, काऊन तर म्हणे गोळीनं अंग काळं पडते अन् वजन वाढते. संडास काळी होते त्याच्यावरून कोणी तरी उठवलं असन. गोळीनं ना रंग बदलते ना जाडं होते. जेवण झाल्यावर घ्यायची, चहासंग नाही.

अन् अजून एक, वयात येताना मांड्या, कंबर भरते, ती चरबी शरीराले लागतेच, पाळी नीट यायले लागते. पण पोरीले हे सांगते कोण? मागच्या वर्षीचा ड्रेस कंबरेत बसला नाही की तिले वाटते आपलं काही तरी चुकलं. पाळी येते का वेळेवर, ते हळूच विचारा. तीन-तीन महिने येत नसन, चक्कर येत असन, जेवून मुद्दाम उलटी करत असन तर घरी बसू नका, ग्रामीण रुग्णालयात वयात येणाऱ्या पोरापोरींसाठी मैत्री क्लिनिक असते, पैसे लागत नाहीत. मनातलं कोणाशी बोलायचं असन तर टेली मानस आहे, सरकारी फोन-मदत, नंबर १४४१६.

नांगरधारी
मोबाईल विहिरीत टाका. आमच्या वेळी नव्हतं असं काही.

अमरावतीची पोट्टी
दादा, तुमच्या वेळी पोरीले कोणी विचारलं तरी होतं का? 🙄

काकू, मी बीएस्सीले आहे, नववी-दहावीत मी सेम अशीच होती म्हणून लिहून राह्यली. मोबाईल कारण आहेच, पण मोबाईलनं मले कधी जाडी नाही म्हटलं. म्हटलं आत्यानं, लग्नाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर, "हिच्या लग्नाले मांडव रुंद घालावा लागन". सगळे हसले, बाबाही. मग रात्री मी पोट कमी करायचे रील शोधले अन् एकदा शोधले की फोन दुसरं काही दाखवतच नाही न. इन्स्टाग्रामच्या कंपनीचाच आतला रिपोर्ट २०२१ मध्ये बाहेर आला होता, त्यात ३२ टक्के पोरी म्हणाल्या होत्या की आपल्या अंगाबद्दल वाईट वाटत असते तेव्हा इन्स्टा पाहून ते अजून वाढते. म्हणजे फोन आगीत तेल ओतते, पण आग कुठं लागली तेही पाहा काकू.

अन् रात्री न जेवण्याचं असं होते पाहा. अकरा वाजता भूक लागते, झोप येत नाही, मग हातात फोन. एक वाजता झोप. सकाळी उठल्यावर तोंडाले चव नाही, बस सुटते म्हणून तसंच निघायचं. दुपारी स्टँडवर आलुबोंडा नाही तर कुरकुऱ्याचं पाकीट, अन् ते खाल्लं म्हणून रात्री पुन्हा जेवण बंद. मी तर शाळेत पाणीच पित नव्हती, कारण तिथलं बाथरूम जायच्या लायकीचं नव्हतं. दिवसभर पाणी नाही, पालेभाजी नाही, पोट साफ होत नव्हतं, फुगलेलं राह्यचं अन् मी समजायची आपण जाडे झालो! तुमच्या लेकीले विचारा ती शाळेत पाणी पिते का.

खो-खोवाला मास्तर
मी थोडं वेगळं सांगतो. फोनले एवढं सोडू नका. फिजी बेटांवर एका भागात १९९५ ले टीव्ही आला, तिकडं भरल्या अंगाची बाई चांगली समजत. तीनच वर्षांनी शाळेतल्या पोरींना विचारलं तर १०० पैकी ११ जणी बारीक व्हायले मुद्दाम उलटी करत होत्या, आधी एकही नव्हती. तो तर नुसता टीव्ही होता, बैठकीत सगळ्यांसमोर चालणारा. इथं तर फोन गोधडीत येते. काढून नका घेऊ पण रात्री नऊनंतर घरातले सगळे फोन एका जागी चार्जिंगले लावा, बाबाचाही, नाही तर पोरगी ऐकणार नाही. या वयात आठ ते दहा तास झोप लागते.

दुसरं म्हणजे मैदान. आमच्याकडे सातवी-आठवीपर्यंत पोरी खेळतात, मग घरचे म्हणतात मोठी झाली आता. माझ्या टीममधल्या पोरी अंगाले नावं ठेवत नाहीत असं नाही, ठेवतात, पण मॅचच्या आधी दाबून जेवतात, कारण उपाशी पोरगी दोन मिनिटांत आऊट होते हे त्यांनी पाह्यलेलं असते. फक्त तिले "पळ म्हणजे पोट कमी होईन" असं म्हणू नका, मग ते खेळणं राहात नाही.

दारव्हेकरीण
सगळ्यायचे धन्यवाद. पाण्याचं विचारलं, खरंच नाही पित ती, बाटली भरलीच्या भरली वापस येते. आत्याबाईंचं मात्र माझ्या हातात नाही, त्या येणारच अन् बोलणारच. सिस्टर, अजून एक, तिच्या दप्तरात क्रीमची डब्बी सापडली, बाजारातून मैत्रिणीनं आणली म्हणते, रात्री लावते, रंग उजळला म्हणून खुश आहे. राहू देऊ का?

उपकेंद्रवाली सिस्टर
नाही ताई, राहू देऊ नका. अशा क्रीममध्ये कधी स्टेरॉइड असते कधी पारा. २०२३ मध्ये अकोल्याची बातमी होती न, एकाच घरातल्या तिघींच्या किडनीवर परिणाम झाला अन् क्रीममध्ये पारा निघाला. स्टेरॉइडवाली क्रीम पह्यले गोरं करते, मग चेहरा लाल होते, पुरळ येते, केस उगवतात. अन् बंद केल्यावर चेहरा काही दिवस जास्त बिघडते, तेव्हा पोरी घाबरून पुन्हा तीच लावतात, हे तिले आधीच सांगून ठेवा. डब्बी फेकू नका, तिच्यावर कंपनीचा पत्ता, लायसन नंबर आहे का पाहा अन् रक्त तपासायले जाल तेव्हा संग घेऊन जा, डॉक्टर लघवीही तपासतील.