मिठाच्या फेऱ्या करणाऱ्या ट्रकची चासी हिवाळ्यात गंजते आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी.

मी बडोद्याचा. वडिलांच्या वेळेपासून आमचा मालवाहतुकीचा लहानसा व्यवसाय असून सध्या आमच्याकडे २०१८ सालचा एक सहाचाकी ट्रक आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत त्याच्या बहुतेक फेऱ्या जंबुसरच्या किनाऱ्याकडील मिठागरांवरून कच्चे मीठ आणण्याच्या असतात. उरलेले वर्ष तो मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला साधा कोरडा माल वाहतो. मिठाशी संबंध जेमतेम चार-पाच महिन्यांचा, पण खालच्या बाजूचे जे काही नुकसान व्हायचे ते नेमके त्याच महिन्यांत होते.

हे ध्यानात यायला मला तीन वर्षे लागली, कारण गंज म्हणजे पावसाळ्याचे दुखणे अशीच आमची समजूत होती. खरे पाहता पावसाळ्यात रस्त्यावरचे पाणी गाडीची खालची बाजू फुकटात धुऊन काढते, आणि हिवाळ्यात ती धुण्याची आठवण कोणालाच होत नाही, कारण वरून गाडी स्वच्छ दिसत असते. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतले पाणी ओढून विरघळू लागते. शिवाय कच्च्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असते आणि ते तर त्याहून पुष्कळ कोरड्या हवेतही ओलसरच राहते. त्यामुळे पहाटेच्या दवात भिजलेली चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, दुपारी वरवर वाळते आणि रात्री पुन्हा ओली होते. एका जानेवारीत पहाटे गाडीखाली थेंब पडलेले पाहून मी ऑइल गळते आहे असे समजलो होतो. बोटावर घेतलेला थेंब वाळल्यावर पांढरा डाग राहिला, तेव्हा उलगडा झाला.

सध्याची स्थिती अशी आहे. मागच्या पाट्यांच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे त्या जिथे चासीला टांगलेल्या असतात तिथे, दोन चॅनेल (चासीच्या लांब लोखंडी पन्हळी) एकमेकांवर रिव्हेटने बसवलेले आहेत, तिथल्या फटीतून गंजाचे पापुद्रे बाहेर येऊ लागले आहेत. पाट्या ॲक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टांचे आटे खाल्ले गेले आहेत, बॅटरीच्या पेटीचा तळ बदलावा लागला आणि मागच्या दिव्यांचे अर्थिंग या हंगामात दोनदा घासून साफ करावे लागले.

गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये सकाळी घाईने पाणी मारून त्याच दुपारी सगळ्या खालच्या बाजूला जाड डांबरी लेप दिला गेला. सहा महिने गाडी नव्यासारखी दिसली. नंतर एका ठिकाणी पेचकस टोचला, तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा लेप हातात आला आणि आतला पत्रा ओला होता! आता पुन्हा तोच लेप द्यावा, मेणयुक्त फवारा मारावा, की आमचे चालक सांगतात त्याप्रमाणे इंजिनचे जळके ऑइल मारून मोकळे व्हावे? आणखी एक अडचण म्हणजे मिठागराच्या बाजूला धुण्यासाठी मिळते ते बोअरचे पाणीच मचूळ आहे. अशा पाण्याने धुवावे की न धुताच यावे? ज्यांनी स्वतः हे काम करून घेतले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद

नमस्कार. आमच्याही दोन गाड्या पूर्वी मिठावर होत्या, आणि माझा धाकटा भाऊ कॅनडात आहे, जिथे बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवरच मीठ टाकतात. त्यामुळे हा विषय आमच्या घरात दोन्ही बाजूंनी चघळला गेला आहे. तिकडे हिवाळ्याच्या तोंडावर खालच्या बाजूला तेलाचा, मेणाचा किंवा मेंढीच्या लोकरीतून निघणाऱ्या लॅनोलिनचा फवारा मारून घेतात आणि तो दरवर्षी नव्याने मारतात. हे थर कडक होत नसल्यामुळे तडकत नाहीत व फटींत झिरपतात. डांबरी लेप वाईट नाही, पण त्याला खाली स्वच्छ व कोरडे लोखंड लागते. आपल्या गाडीत तो मिठावरच बसला, म्हणून त्याने ओल बाहेर जाऊ देण्याऐवजी आतच धरून ठेवली. सुटलेला सगळा लेप खरवडून काढा, तारेच्या ब्रशने घासा, गोड्या पाण्याने धुऊन दोन दिवस उन्हात वाळू द्या, उघड्या लोखंडावर जस्तयुक्त प्रायमर लावा आणि मगच मेणाचा फवारा घ्या. चॅनेलच्या आतल्या बाजूला व क्रॉस मेंबरच्या (दोन चॅनेल जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या) टोकांना नळी घालून फवारायला सांगा, कारण बाहेरून दिसणारा गंज बहुधा आतूनच आलेला असतो. पाणी निघून जाण्याची भोके मात्र बुजू देऊ नका.

जळके ऑइल मारू नका. ते रबरी बुशांना फुगवते, ब्रेकच्या लायनरवर उडाले तर ब्रेक लागत नाही, आणि कायद्यानेही ते घातक कचऱ्यात मोडते.

मचूळ पाण्याने मिठाचे खडे निघतात, त्यामुळे न धुण्यापेक्षा ते बरे. मात्र बडोद्याला पोहोचल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने पुन्हा धुवावे. पाणी भरपूर असावे, जोराची गरज नाही. जोराचा झोत हबच्या सीलवर आणि वायरींच्या जोडांवर कधीही धरू नये. सर्वांत स्वस्त उपाय मात्र चासीच्या वर आहे: हौद्यात जाड ताडपत्री अखंड अंथरून ती मागच्या फाळक्यावरून (मागच्या झडपेवरून) बाहेर काढा, म्हणजे खारे पाणी फळ्यांच्या फटींतून खाली न उतरता मागे गळेल.

रिव्हेटच्या जोडाबद्दल एक इशारा: गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो दोन चॅनेल एकमेकांपासून ढकलतो. तिथे वेल्डिंग करून घेऊ नका. आधी चासीचे काम जाणणाऱ्या माणसाला हातोडीने ठोकून जाडी तपासायला लावा.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ताडपत्री आजच मागवली आहे. आजवर आम्ही ती फक्त मालाच्या वरून घालत होतो. लेप खरवडण्याचे काम होळीनंतर हाती घेईन, कारण तोवर फेऱ्या थांबवता येणार नाहीत. तोपर्यंत दररोज संध्याकाळी घरच्या टाकीतील पाण्याने धुणे सुरू करतो. जोडाची जाडी मात्र या रविवारीच तपासून घेतो आणि काय निघते ते इथेच लिहितो.