शोपँचे प्रिल्यूड: एकेक निवडून ऐकायचे की चोवीसही सलग?

फोंड्याचा श्रोता:
"तुमचा आवडता प्रिल्यूड कोणता?" पियानोप्रेमी भेटले की हा प्रश्न ठरलेला. शोपँ या संगीतकाराच्या ओपस २८ पुरता, म्हणजे त्याच्या प्रिल्यूड नावाच्या छोट्या पियानो-रचनांच्या संचापुरता तरी, तो मला मान्य नाही. १८३९ साली छापलेल्या या २४ रचनांना क्रम आहे: सी मेजर, मग ए मायनर (सी, ए हे सा धरलेले पाश्चात्त्य स्वर; मेजरचा गंधार शुद्ध, मायनरचा कोमल), मग पंचमावर जी मेजर, ई मायनर, अशी बाराही स्वरांची फेरी. तेविसावा नीट ऐका. एफ मेजर, झुळझुळता. संपता संपता डाव्या हातात एकच ई फ्लॅट येतो. एफला सा धरला तर कोमल निषाद. तो सुटतच नाही, रचना तशीच थांबते आणि चोविसावा डी मायनर अंगावर येतो. शेवटी खर्जात तीनदा डी. हा तेविसावा एकटा काढून कसा ऐकणार?

मडगाव, पियानो शिकवते:
साफ असहमत. शोपँ स्वतः एका मैफलीत मोजकेच प्रिल्यूड वाजवायचा. माझा चौथा, ई मायनर. अवघे २५ बार, म्हणजे तालाची २५ आवर्तनं. उजवा हात सुरुवातीला बी आणि सी या दोन स्वरांतच घुटमळतो. खरी हालचाल डाव्या हातात. तिथले कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) सारखे वाजत राहतात आणि त्यातला एकेक स्वर अर्ध्या सुराने खाली सरकतो. विद्यार्थी उजव्या हाताकडे लक्ष देतात, म्हणून तो बेचव वाजतो. १८४९ साली शोपँच्या अंत्यविधीला पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये हा आणि सहावा ऑर्गनवर वाजवले. बाकीच्या बावीसांची गरज पडली नाही.

म्हापसेकर:
आणि पंधरावा? बाहेर आषाढाची झड लागलेली असताना तो ऐकावा. पावसाच्या थेंबाचा प्रिल्यूड!

फोंड्याचा श्रोता:
ते नाव शोपँचं नव्हे. पाऊस बाजूला ठेवून पंचम ऐका. ए फ्लॅट अखंड ठिबकतो. मधल्या भागात मेजरचा मायनर होतो, गंधार कोमल होतो, पण सा-पंचम जागचे हलत नाहीत. तोच पंचम आता भीती घालतो. थेंब म्हटलं की हे निसटतं.

साळगावहून:
वाद शोपँपुरताच का? बाख या संगीतकाराच्या १७२२ मधल्या चोवीस प्रिल्यूडांच्या संग्रहातला पहिला, सी मेजर, घ्या. नुसते मोडलेले, म्हणजे एकेक स्वर सुटा वाजवलेले कॉर्ड. गुनो या संगीतकाराच्या 'आवे मारिया' या प्रार्थनागीताला हाच प्रिल्यूड साथीला आहे. आपल्याकडे लग्नाच्या मिसेला (चर्चमधल्या प्रार्थनाविधीला) लोक तो ऐकतात, तेव्हा पुढचे तेवीस कुणी मागत नाही.

फोंड्याचा श्रोता:
बाखने प्रत्येक प्रिल्यूडला त्याची फ्यूग (एकच धून वेगवेगळ्या आवाजांत पाठोपाठ येणारी रचना) दिली, त्यामुळे ती जोडी स्वतंत्र उभी राहते. शोपँने फ्यूग काढून टाकली. आता प्रत्येक प्रिल्यूडपुढे येतो तो पुढचा प्रिल्यूडच. निदान बावीस ते चोवीस तरी एका दमात ऐका.

मडगाव, पियानो शिकवते:
बावीस ते चोवीस मान्य, तो ई फ्लॅट मलाही अस्वस्थ करतो. पण चौथ्याचे शेवटचे तीन कॉर्ड उतरले की मला पुढे काही नको असतं. सलग ऐकताना त्यावर लगेच डी मेजरचा पाचवा भिरभिरत येतो आणि सगळं उधळून लावतो. हे मला कदापि पटणार नाही.